दफ्तरी दाखल

रविवारी दुपारी वरणभात ओरपून जरा आडवा होणार, तेवढ्यात भाचीचा फोन आला. ती इंग्लंडात उत्तरेकडच्या एका गावात असते. तिकडे नुकतीच सकाळ झालेली, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"मामा, पटकन सांग. मीटिंगचे कागद आलेत. प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एकच वाक्य आहे, 'द कमिटी इज आस्क्ड टु नोट द रिपोर्ट.' आता नोट करायचं म्हणजे आम्ही नक्की करायचं काय?"

मी इतक्या जोरात हसलो की आमची सौ. हातात उलथणं घेऊन बाहेर आली.

"काही करायचं नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे त्याला 'दफ्तरी दाखल' म्हणतात."

सात हजार किलोमीटरवर, इंग्रजांच्या खुद्द गावात, तेच वाक्य! मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. 'अहवालाचे अवलोकन केले, दफ्तरी दाखल' ही ओळ मी आयुष्यात किती वेळा लिहिली असेल, देव जाणे. आधी हाताने, मग मराठी टंकयंत्रावर, मग कॉम्प्युटरवर. पुढेपुढे तर कीबोर्डावर बोटं आपोआप पळायची.

मी ठाण्यात चरईत राहतो, पण नोकरी ठाण्यात केली नाही. जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. ठाण्याची सोडून उरलेल्या पाचांपैकी एकीच्या सचिव कार्यालयात एकतीस वर्षं काढली. कोणती ते विचारू नका, तिचीच पेन्शन खातोय. लिपिक म्हणून चिकटलो, अधीक्षक होऊन २०१६ साली बाहेर पडलो. सचिव कार्यालय म्हणजे काय हे पालिकेतल्या निम्म्या लोकांनाही सांगता येत नाही. सभेची विषयपत्रिका काढायची, खात्यांकडून आलेले गोषवारे, म्हणजे प्रत्येक प्रस्तावाची टिपणं, तिला जोडायचे, गठ्ठे शिपायाबरोबर नगरसेवकांच्या घरी पाठवायचे, सभेत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून कोण काय म्हणालं ते टिपायचं आणि मागाहून इतिवृत्त लिहायचं. नळाला पाणी नाही म्हणून आमच्याकडे कुणी भांडायला येत नसे आणि टेंडर लागलं म्हणून कुणी पेढेही आणत नसे. पण पालिकेत कोण कशावर गप्प बसलं हे आमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आता भाची या भानगडीत कशी पडली ते सांगतो. मुलाच्या शाळेच्या नियामक मंडळावर ती पालकांची प्रतिनिधी होती. तिकडचा कायदा असा, की शाळा चालवण्याची जबाबदारी असलेल्या स्थानिक परिषदेच्या शिक्षणविषयक छाननी समितीवर असे किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच पालक घ्यावेच लागतात. ते नगरसेवक नसतात, तरी शिक्षणाच्या विषयावर त्यांना चक्क मतदानाचा अधिकार असतो. जागा रिकामी होती, हिने अर्ज केला, बाकीच्या शाळांतल्या तिच्यासारख्या पालकांनी निवडून दिलं. बाई अकाउंट्समधली. मीटिंगचे कागद पाच पूर्ण दिवस आधी जाहीर करायचे असा तिकडे नियम आहे, त्याप्रमाणे १४० पानं आली आणि तिने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. एवढं तर आमच्या सभापतींनीही कधी केलं नव्हतं.

तिने मला त्यांची रचना समजावून सांगितली आणि मी जरा चाटच पडलो. तिकडे पूर्वी सगळा कारभार समित्यांमार्फतच चालायचा, म्हणजे थोडाफार आपल्यासारखा. २००० साली त्यांनी कायदा करून घडी बदलली. परिषदेचं एक छोटं मंत्रिमंडळ, ते निर्णय घेणार. उरलेल्या नगरसेवकांतून छाननी समित्या, त्या निर्णय तपासणार. मंत्रिमंडळातला माणूस छाननी समितीवर बसूच शकत नाही. समितीने बोलावलं तर मात्र त्याने येऊन उत्तरं द्यायची. घेतलेला पण अजून अंमलात न आलेला निर्णय समिती ठरावीक दिवसांत थोपवून धरू शकते. त्याला ते 'कॉल-इन' म्हणतात. (२०११च्या कायद्याने जुन्या पद्धतीकडे परत जायची मुभा दिली आणि काही परिषदा गेल्याही, तो भाग वेगळा.)

"मग तो निर्णय रद्द करता का तुम्ही?" मी विचारलं.

"नाही रे. फेरविचार करा म्हणून परत पाठवायचा, एवढंच. त्यांनी तोच पुन्हा घेतला तर घेतला."

म्हणजे दात नाहीत, नुसत्या हिरड्या. माझा पहिला विचार हाच. आपल्याकडे कागदावर तरी उलटं आहे. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांचा कायदा १९४९चा. त्यात स्थायी समिती सोळा जणांची, बैठक आठवड्यातून एकदा. ठरावीक रकमेवरचा कोणताही ठेका कलम ७३ प्रमाणे तिच्या मंजुरीशिवाय आयुक्तांना करता येत नाही. आयुक्त सभेत बसू शकतात, बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. वर मुख्य लेखापरीक्षकाने पालिकेचे हिशेब दर आठवड्याला तपासून अहवाल द्यायचा, तोही स्थायी समितीलाच. आणि समितीला वाटलं तर तिने स्वतः हिशेब तपासायला बसावं, असं कलम १०५ सांगतं. आठवड्याला! १९४९ साली कुणीतरी शहाण्या माणसाने हे लिहून ठेवलंय. मी नव्याने लागलो तेव्हा ते कलम वाचून इतका भारावलो होतो की शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला वाचून दाखवलं. त्याने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "चहा सांग दोन."

गोम आहे ती इथे. जी समिती ठेका मंजूर करते, त्याच ठेक्याचा हिशेब बरोबर आहे की नाही हेही तिनेच बघायचं. तलावपाळीवर सकाळी फिरायला येणारी आमची मंडळी स्थायी समिती म्हटलं की 'तिजोरीच्या चाव्या' आणि 'मलई' याखेरीज तिसरा शब्द काढत नाहीत. त्यांचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही, पण ते अर्धंच आहे. मी त्या सभागृहात बसलेला माणूस आहे. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा काही मोठा डाव नसायचा. कागद वाचलेलाच नसायचा, बस. साठ विषय, चाळीस मिनिटं. "विषय क्रमांक सात ते तेवीस मंजूर करण्यात यावेत," एक म्हणणार, "अनुमोदन," दुसरा म्हणणार, आणि माझं पेन सतरा कोऱ्या जागांत 'सर्वानुमते मंजूर' लिहायला लागणार. गोषवारे बिचारे पिवळ्या लिफाफ्यातून बाहेरही आलेले नसायचे. शिपाई सांगायचा, अमुक साहेबांकडे मागच्या तीन सभांचे लिफाफे जोड्यांच्या कपाटावर तसेच पडलेत.

भाचीने नेमकं तेच विचारलं. "मामा, एवढ्या पानांतून मी विचारू काय? सगळे माझ्यापेक्षा जाणते. एखादा बावळट प्रश्न गेला तर?"

तेव्हा मी तिला मास्तरीणबाईंची गोष्ट सांगितली.

निवडणूक होऊन पहिलंच वर्ष. स्थायी समितीवर एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आल्या होत्या. महिला राखीव वॉर्डातून पक्षाला कुणीतरी उभं करायचं होतं म्हणून उभ्या केलेल्या. सगळे बाई म्हणायचे, मीही बाईच म्हणायचो. सभेला कापडी पिशवीतून गोषवारे आणायच्या आणि त्यांवर लाल पेनाने खुणा केलेल्या असायच्या. सवय, दुसरं काय! व्याकरणाच्या चुकासुद्धा दुरुस्त केलेल्या असत. एकदा आरोग्य खात्याच्या गोषवाऱ्यात 'प्रसूती'चं 'प्रसुती' केलेलं होतं त्यावर मोठा लाल गोल. सुरुवातीला लोक हसले.

त्या दिवशी विषय होता पालिकेच्या चार प्रसूतिगृहांतल्या उपकरणांची तीन वर्षांची देखभाल-दुरुस्ती. रक्कम अठ्ठावीस लाखांच्या घरात. सोबत उपकरणांची यादी, दोन पानी, बारीक अक्षरात. वॉर्मर, ऑटोक्लेव्ह, फोटोथेरपीचे दिवे आणि असंच काहीबाही. सभापती पुढच्या विषयावर जाणार इतक्यात बाईंनी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा, कोपर टेबलावर टेकवून.

"अनुक्रमांक एकोणीसचं सोनोग्राफीचं मशीन कुठल्या खोलीत आहे?"

सभागृहात एक क्षण काहीच नाही. मग खात्याचे अधिकारी उठले. मशीन अद्ययावत आहे, म्हणाले. देखभालीची निविदा रीतसर काढली, न्यूनतम दर आला, दर वाजवी आहे, असा सगळा खुलासा केला. बाई शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "ते बरोबर आहे हो. पण कुठल्या खोलीत आहे? कारण माझी सून तिथेच दाखवायला जायची. तिला दर वेळी सोनोग्राफी बाहेरून करून आणा म्हणून चिठ्ठी दिली."

अधिकाऱ्यांनी मागे बसलेल्यांकडे बघितलं. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांकडे. प्रसूतिगृहात पाच खोल्या आणि एक व्हरांडा, पण मशीन त्यातल्या कुठल्या खोलीत हे त्या दालनात कुणालाच सांगता येईना. आयुक्तांनी मान खाली घालून काहीतरी लिहिल्यासारखं केलं. शेवटी विषय तहकूब झाला आणि समितीने पाहणी करावी असं ठरलं.

पाहणीला मीही गेलो होतो, टिपणं घ्यायला. औषधभांडाराचं कुलूप उघडायला चावीच सापडेना. ती नेणारी फार्मासिस्ट जेवायला गेलेली. अर्ध्या तासाने दार उघडलं. आत सलाईनच्या खोक्यांच्या मागे, भिंतीला टेकून, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला भला थोरला खोका उभा. पट्ट्यासुद्धा कापलेल्या नव्हत्या. वर कुणीतरी पल्स पोलिओचे जुने बॅनर गुंडाळून ठेवलेले. बाईंनी पदराने धूळ पुसली आणि खोक्यावरची तारीख मला वाचायला सांगितली; त्यांचा जवळचा चष्मा घरी राहिला होता. येऊन एक वर्ष आणि आठ महिने झाले होते.

कारणं निघाली तीन. रेडिओलॉजिस्टचं पद रिकामं. खोलीत लागते तशी वीजजोडणी नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राचं जे नोंदणी प्रमाणपत्र असतं, त्यावर या नव्या मशीनची नोंदच चढवलेली नव्हती. म्हणजे उद्या डॉक्टर मिळाला असता तरी मशीन सुरू करणं गुन्हा ठरला असता. आणि मशीन अजून वॉरंटीत होतं! जे उघडलंच नाही, जे बिघडलं तरी कंपनीने फुकट दुरुस्त करून द्यायचं, त्याच्या देखभालीचे पैसे द्यायला आम्ही निघालो होतो. यात कुणी पैसे खाल्ले का? मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझा अंदाज, नाही. कुणीतरी साठा नोंदवहीतून यादी उतरवून काढली, पुढच्याने सही केली, त्याच्या पुढच्यानेही. खोलीत जाऊन बघणं कुणाच्याच कामात मोडत नव्हतं.

इथवर गोष्ट भाचीला फारच आवडली. पुढचं सांगू की नको असं मला झालं, पण सांगितलं.

बाईंच्या आग्रहाने ठराव झाला: सर्व दवाखान्यांतल्या वापराविना पडलेल्या उपकरणांची प्रशासनाने चौकशी करावी आणि अहवाल समितीपुढे सादर करावा. मी माझ्या हाताने लिहिला. 'एक महिन्याच्या आत' हे शब्द घालू का, असं मी सचिवसाहेबांना विचारलंही होतं. ते म्हणाले, सभागृहात कुणी मुदत सांगितली का? नाही ना? मग आपण कशाला आपल्या पदरचं घालायचं? आणि नियमाने ते बरोबरच होतं. इतिवृत्तात बोललेलंच लिहायचं असतं.

मग आला चिठ्ठ्यांचा दिवस. स्थायी समितीचे निम्मे सदस्य दर वर्षी निवृत्त होतात. पहिल्या वर्षी सोळांतले कोणते आठ जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्या सोळा चिठ्ठ्या मीच लिहायचो, एकाच मापाच्या, एकसारख्या चार घड्या घातलेल्या, म्हणजे कुणाला शंका नको. स्टीलचा डबा आणि पालिकेच्याच शाळेतली एक चिमुरडी, दोन वेण्या, नवा युनिफॉर्म. तिने पाचवी चिठ्ठी काढली ती बाईंची. बाई हसल्या, तिला जवळ बोलावून कितवीत आहेस, पाढे येतात का, असं विचारलं आणि पिशवी उचलून खाली गेल्या. नगरसेविका राहिल्याच, पण समितीवर परत काही त्यांना पक्षाने पाठवलं नाही.

अहवाल आला अकरा महिन्यांनी. विषय क्रमांक एकतीस, दीड पान, 'अवलोकनार्थ सादर'. समितीत तोवर आठ जण नवे. हा अहवाल कशाबद्दल आहे हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं, आणि उरलेल्यांना आठवत नव्हतं. मला आठवत होतं. पण कोपऱ्यातल्या टेबलाला बोलायचा हक्क नसतो. मी लिहिलं: अवलोकन केले, दफ्तरी दाखल.

फोनवर दोन्हीकडे जरा शांतता पसरली. मग ती म्हणाली, "आमच्याकडे दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, मामा. समितीने शिफारस केली की मंत्रिमंडळाने काय करणार, काय नाही, हे दोन महिन्यांत कळवायचं असा कायदाच आहे."

आता मात्र मला हेवा वाटला. समिती निर्णय फिरवू शकत नाही म्हणून मी मघाशी हिरड्या म्हटलं होतं, ते मनातल्या मनात मागे घेतलं. आमच्या समितीला ठेका अडवायचा अधिकार होता, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कधी यायला हवं याचा हिशेब ठेवणारं कुणी नव्हतं. एकतीस वर्षांत मला सगळ्यात जास्त काय खुपलं असेल तर ते हे. चोऱ्यामाऱ्या पेपरात येतात, त्यांचं काहीतरी होतं तरी. विचारलेला प्रश्न हळूहळू विरून जातो त्याची बातमी कोण देणार?

तरी मी तिला म्हटलं, कायद्यावर फार विसंबू नकोस. मग तिनेच मला स्टॅफर्डचं सांगितलं. तिथल्या सरकारी रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांचे जे हाल झाले त्यावर तिकडे मोठी चौकशी बसली आणि २०१३च्या फेब्रुवारीत रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल आला. आरोग्यसेवेवर नजर ठेवायचा अधिकार त्या भागातल्या परिषदांच्या छाननी समित्यांना २००१च्या कायद्यापासून होता. अधिकार होता, बैठका होत होत्या, रुग्णालयाचे साहेब येऊन माहितीही देत होते. फ्रान्सिस यांनी त्या समित्यांवरही ठपका ठेवला. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी ऐकून घेतलं, खणून काही विचारलं नाही. म्हणजे त्यांनी 'नोट' केलं.

"तुमच्याकडे मास्तरीणबाई नव्हत्या," मी म्हटलं.

इकडचं सांगायचं तर गेल्या काही वर्षांत आमच्याकडे प्रश्न विरण्याचाही प्रश्न उरला नव्हता. नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२०च्या मे महिन्यात संपली, ठाण्याची २०२२च्या मार्चमध्ये. आधी करोना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटला, प्रभागांचा घोळ. निवडणूक झाली थेट २०२६च्या १५ जानेवारीला, आणि ठाण्याला १३१ नि नवी मुंबईला १११ नगरसेवक मिळाले. मधली सगळी वर्षं प्रशासकाची. आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून महासभेच्या, स्थायी समितीच्या अधिकारात तोच मंजूर करायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर सूचकही तेच, अनुमोदकही तेच. यात बेकायदा काही नाही, कायद्यातच तशी तरतूद आहे. माझ्या खात्यातला एक पोरगेला लिपिक अजून अधूनमधून भेटायला येतो, वेगळ्या पालिकेत असतो. तो त्या काळात म्हणाला होता, "काका, बरं आहे, सभाच नाही म्हटल्यावर टिपणंही नाहीत." मला ते ऐकून कसंतरीच झालं होतं. रस्ते काय, ते झालेही असतील, कदाचित जास्त भराभर झाले असतील. पण कुणी काय विचारलं याचा एक ओळीचाही कागद त्या वर्षांतला मागे नाही, कारण विचारायला कुणी नव्हतंच.

आता सभागृहं पुन्हा भरली आहेत. भाचीसारखी माणसं समितीवर घ्यायची सोय आपल्याकडेही थोडीफार आहे, हे तलावपाळीवर सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही. प्रभाग समितीवर स्वयंसेवी नि वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. ७४व्या घटनादुरुस्तीनंतर आलेली ही तरतूद. परिवहन समितीवर तर नगरसेवक नसलेलाही माणूस जाऊ शकतो. आमचे एक मित्र, टीएमटीच्या बसची वाट बघण्यात ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं, ते ताबडतोब म्हणाले, मग मला घाला. मी म्हटलं, गोषवारा वाचणार का? ते म्हणाले, किती पानी असतो?

भाचीची मीटिंग मंगळवारी झाली. बुधवारी रात्री तिचा परत फोन.

विषय होता विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आराखड्यांचा. मुलाची तपासणी करून त्याला काय आणि किती मदत लागेल याचा आराखडा विनंती आल्यापासून वीस आठवड्यांत द्यायचा, असा तिकडे कायदा आहे. रिपोर्टात नऊ आलेख होते, रंगीत. टक्केवारी कशी सुधारते आहे, शेजारच्या परिषदांपेक्षा आपण कुठे आहोत, सगळं होतं. शेवटी अर्थातच 'टु नोट'. सगळ्यांनी अधिकाऱ्यांचे आभार मानले (हे तिकडे फार चालतं म्हणे). मग हिने हात वर केला.

"मी विचारलं, आज या क्षणाला जे मूल सगळ्यात जास्त दिवस थांबलंय, ते किती आठवडे थांबलंय?"

"मग?"

"मग काय, तुझ्या बाईंसारखंच. एकमेकांकडे बघायला लागले. बाई चांगली होती ती अधिकारी, कसलीही टाळाटाळ नाही केली. म्हणाली, आकडा आत्ता हाताशी नाही, लेखी कळवते. खूष झाले मी."

मी विचारलं, "इतिवृत्तात आलंय का ते?"

"म्हणजे मिनिट्स? त्यात काय यायचंय, सगळ्यांसमोर म्हणाली ती."

"बघ तरी."

कच्चं इतिवृत्त हातात यायला तिला आठवडा लागला. आलं तेव्हा तिने त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला, खाली रागाने लाल झालेला तो गोल चेहरा. तिच्या विषयाखाली दोनच ओळी होत्या. सदस्यांनी अहवालावर चर्चा केली आणि विविध प्रश्न विचारले. अधिकाऱ्यांनी त्यांना उत्तरे दिली. ठरले की, अहवालाची नोंद घ्यावी.

काय सफाईने लिहिलंय! मला राग यायच्या आधी त्या तिकडच्या अनोळखी लिपिकाबद्दल आदरच वाटला. 'विविध प्रश्न विचारले' हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा वापरलंय. ते खोटं नसतं, म्हणून तर उपयोगी. त्या वाक्याच्या पोटात काहीही मावतं.

मग मी तिला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली, जी मी नोकरीत असताना एकाही नगरसेवकाला सांगितली नव्हती; बाईंनाही नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. कुठल्याही सभेचा पहिला विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे'. त्या वेळी निम्मे लोक खुर्च्या सरकवत असतात, चहा फिरत असतो, कुणीतरी मोबाइल सायलेंट करत असतो. सभापती विचारतात, कायम? सगळे म्हणतात, कायम. तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत उभं राहून 'माझा प्रश्न आणि त्यावर दिलेलं आश्वासन यात आलेलं नाही' असं म्हटलं तर ते घालावंच लागतं, कारण घडलेलं नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. आणि एकदा कागदावर आलं की ते पुढच्या सभेत आपोआप समोर येतं, माणूस समितीवर असो नसो.

तिकडे तो विषय दुसरा असतो म्हणे, पहिला गैरहजेरीचा. आणि त्यावर बोलायचं ते फक्त नोंद अचूक आहे की नाही एवढ्यापुरतंच. मी म्हटलं, आपल्याला तेवढंच हवंय.

तिने घालायचं वाक्य इंग्रजीत तयार करून पाठवलं. चांगलं होतं, सभ्य होतं, सवयीने थोडं लांबलं होतं. मी त्यातला 'शक्य तितक्या लवकर' हा तुकडा काढायला लावला, अधिकारीबाईंनी तसं म्हटलं नव्हतं. 'माहिती' खोडून 'आठवड्यांची संख्या' घातलं. आणि विचारलं, पुढची सभा कधी? म्हणाली, सहा आठवड्यांनी, मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील. मी एरवी दहाला झोपतो.